न ऐकलेलं सुतक

तपश्चर्येवाचून या भरतभूमीत काहीही मोठं घडलेलं नाही. गंगा खाली उतरली ती तपानं, ध्रुव वर जाऊन बसला तोही तपानंच. वैनगंगेच्या काठी, आरमोरीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर असलेल्या पळसटोल्याचा डोमा धीवर हाही दरसाल दसऱ्याच्या सुमारास घरदार सोडून रानात तपाला बसत असे. त्याच्या तपानं अळ्या जाड होत.

निदान व्हाव्यात, अशी अपेक्षा असे.

डोमा कोसा पाळायचा. शहरात जे रेशीम टसर म्हणून मिरवतं, त्याच्या अळ्या घरात वाढत नाहीत; त्यांना रानातली येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं लागतात. पानांच्या द्रोणात अंडी ठेवायची, द्रोण फांदीला बांधायचे, आणि अळ्या निघाल्या की दोनेक महिने त्यांच्याखाली मुक्काम ठोकून कावळे, वानरं आणि मुंगळे हाकलायचे. एका झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या. शेवटी अळी स्वतःभोवती कोसा विणून आत बसली, की पीक उतरलं. हे काम मेहनतीचं आहे, पण धीवरांच्या मते मेहनत हा त्यातला किरकोळ भाग. अळी जगते ती पाळणाऱ्याच्या सोवळ्यावर. कोसा झाडावर असेपर्यंत त्यानं अंगाला तेल लावायचं नाही, खाटेवर निजायचं नाही, बायकोजवळ जायचं नाही आणि मासा खायचा नाही. हा शेवटचा नियम मासे धरून जगणाऱ्या जातीला ज्यानं घालून दिला, त्याला विनोदाची बरी जाण असावी. घरच्यांनीही मासा शिजवायचा नाही. बाईमाणसानं कोशाच्या रानात पाऊल टाकायचं नाही. आणि सुतक असलेल्याची तर तिथं सावलीही चालत नाही.

एवढं सगळं पाळूनही दहा-अकरा वर्षं डोमाचं पीक धड उतरलं नव्हतं. एका साली मुंगळे चढले. एका साली अळ्या काळ्या पडून फांदीला उलट्या लटकल्या. एका साली वानरांची टोळी पाहुणी आली आणि जेवूनच गेली. पळसटोल्याच्या मते मुंगळे, रोग, वानरं ही सगळी वरवरची कारणं होती. खरं कारण घरात होतं, आणि त्याचं नाव गुणाबाई. पुरुष रानात नियम पाळतो हे चार लोकांना दिसतं. बाई घरात पाळते की नाही, हे पाहायला कोण गेलं होतं? शेजारच्या मनकर्णेनं तर एका साली गुणाबाईच्या चुलीवरून मासा शिजल्याचा वास आल्याचं सांगितलं. त्या दिवशी साऱ्या गल्लीत मासा शिजत होता. पण डोमा-गुणाबाईला मूलबाळ नव्हतं, आणि ज्या घरात मूल नाही त्या घरावर काहीही बसवता येतं. वास तिथंच बसला.

गुणाबाई भांडली नाही. पुढच्या सालापासून तिनं कांदासुद्धा सोडला.

"तुले कांद्याचं कोनी सांगतलं?" डोमानं विचारलं.

"कोनी नाई. पन वास येनारं काईच नको घरात. एक साल पीक चांगलं उतरू द्या, मंग पाहीन मी मनकर्णेचं तोंड."

बाईला दागिना नको होता, लुगडं नको होतं. मूल हवं होतं, पण ते मागण्याचं वय टळून गेलं होतं. आता तिला एक पीक हवं होतं, आणि त्या पिकानंतरचं मनकर्णेचं तोंड. देवाच्या दृष्टीनं हे फार मोठं मागणं नसावं, म्हणूनच कदाचित ते मागं पडत गेलं.

रानाच्या तोंडाशी एक नाला होता. नाल्याच्या गावाकडच्या काठावर शेंदूर लावलेला एक दगड. गुणाबाई रोज सकाळी त्या दगडावर भाताची शिदोरी ठेवी आणि मागं सरून मोहाच्या झाडाखाली उभी राही. मग डोमा नाला उतरून येई, शिदोरी घेई, आणि दोघं लांबूनच बोलत. लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या नवराबायकोत घरात जेवढं बोलणं होतं, त्याहून हे जास्त असे. मध्ये दगड असला की माणसाला बोलायला सुचतं.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोरं जेवली का?"

"रात्रंदिस तेच करून राह्यली. तुह्यासारखी नाईत, दोन घासात उठनारी."

"अजी, दिसतात कशी वो?"

"कोन?"

"पोरं."

"हिरवी."

"हिरवी त भेंडी बी असते."

डोमानं जरा विचार केला. "भेंडीले पाय नसतात."

"एकडाव पाहू द्या न मले. दुरूनच पाहीन."

"बाईनं नाई पाहाचं."

"पाह्यलं त का होते?"

"कोनाले माहीत? आजवर कोन्या बाईनं पाह्यलंच नाई, मंग समजन कसं? पीक उतरू दे, मंग दाखवतो."

"उतरल्यावर का दाखवता? कोसे? कोसे त मी दर सालीच पाह्यते."

हे खरं होतं. वीस वर्षं ज्या अळ्यांच्या जिवावर तिची चूल पेटली, त्यांतली एकही तिनं झाडावर चालताना पाहिली नव्हती. घरी येई ते बंद झालेलं कवच. डोमानं एक कावळा उडवला.

ही सारी बोलणी छप्पन सालची. दिवाळीच्या आदल्या दिवशी गुणाबाई घोंगडी पांघरून आली. शिदोरी ठेवून मोहाशी पोहोचेपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं.

"अंगात कणकण हाय," ती म्हणाली.

"काढा घे."

"घेते म्हना. पोरं जेवली का?"

"जेवली."

दुसऱ्या दिवशी ती आली, पण बोलली थोडं. त्यानंतरच्या दिवशी डोमा दगडाशी आला तेव्हा मोहाखाली त्याचा धाकटा भाऊ लटारू उभा होता. लटारू अंगानं आडदांड, आवाजानं मोठा आणि स्वभावानं सरळ. नदीत डोंगा चालवण्यापलीकडं त्यानं आयुष्यात कुठलीही लबाडी केलेली नव्हती, आणि तीही पाण्याशी. तो खाली पाहत उभा होता. त्याची पागोट्याची घडी सुटलेली होती.

"तू काऊन आला?" डोमानं विचारलं.

"वयनी नाई घरी."

"कुठी गेली?"

"मायकडं गेली. तिची माय लय बिमार हाय."

गुणाबाईची माय मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात वारली होती. तिला खांदा देणाऱ्यांत पुढं डोमा होता, आणि त्याच्या मागं लटारू.

दोघांनाही ते एकदमच आठवलं. लटारूचा ओठ हलायला लागला, आणि डोमाला कळलं की आता हा बोलणार.

इथं या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे. सुतकातला माणूस शेंदराच्या दगडापर्यंत आलेला चालतो, पण कोसा रानात असताना मेल्याची बातमी दगडापुढं न्यायची नाही. सुतक लागतं ते ऐकल्यावर. ऐकलंच नाही, तर लागत नाही. माणूस चोख राहतो आणि अळ्या जगतात. म्हणून गावात कोणी गेलं तर सारं गाव मिळून रानातल्या माणसाशी खोटं बोलतं, पीक उतरेपर्यंत. दोन सालांमागं गावातल्या मुखरूचा बाप गेला, तेव्हा मुखरू रानात होता आणि त्याला शिदोरी पोचवायचं काम डोमाकडं होतं. बाप कसा आहे असं मुखरूनं रोज विचारलं, आणि डोमानं रोज सांगितलं की बुढा ओसरीत बसून शिव्या देऊन राह्यला. फार सफाईनं सांगितलं. त्यामुळं लटारूच्या तोंडावर जे होतं ते डोमाला आतल्या बाजूनं माहीत होतं.

"माय बिमार हाय का?" डोमा घाईनं म्हणाला. "लय बिमार?"

"हो, भाऊ. लय."

"मंग राहू दे तिले तिकडं. घाई नको करू म्हना."

शिदोरी उचलून तो नाला चढून गेला. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर लटारू खाली बसलेला दिसला असता.

झाडाखाली येऊन डोमानं शिदोरी सोडली नाही. वर अळ्या पाला खात होत्या. शांत रानात त्यांच्या खाण्याचा आवाज बारीक पावसासारखा येतो. त्याला वाटलं, उठावं, नाला ओलांडावा, घरी जावं. चितेची आग तर थंडही झाली असेल, पण जागा तरी पाहावी. कोणी अडवलं नसतं. फक्त अळ्या मेल्या असत्या, आणि मनकर्णा म्हणाली असती की बाईनं मरतामरता बी कोसा खाल्ला. आणि हे बोलणं मग कायमचं राहिलं असतं, कारण ते खोडून काढणारं पीक आणायला गुणाबाई आता दुसरं साल बघणार नव्हती. हेच एक शेवटचं.

तेव्हा डोमानं ठरवलं की आपण काही ऐकलेलं नाही.

ठरवणं सोपं होतं. पार पाडणं अवघड, कारण गाव फार वाईट खोटं बोलत होतं. लटारू रोज येई आणि रोज त्याचा निश्चय दगडापाशी येऊन वितळे.

"भाऊ, मले तुले एक सांगाचं हाय."

"थांब, कावळा आला," म्हणून डोमा गोफण फिरवीत आरडाओरडा करी. आभाळात कावळा नसे.

"भाऊ, आईक न."

"बैलाले चारा टाकला का? काऊन नाई टाकला? अन् डोंग्याले डांबर लावाचं सांगतलं होतं, त्याचं का झालं?"

मग लटारू बैलाचं सांगत बसे, डोंग्याचं सांगत बसे, सांगता सांगता पागोट्याच्या शेवानं डोळे पुसे, आणि डोमा दुसरीकडं पाहून म्हणे, "धूर लय झाला बाप्पा इकडं." धूरही नसे. एकदा गावातला म्हातारा लच्छू मुद्दाम भेटायला आला, डोमाकडं पाहून नुसताच "अरे रे रे" म्हणाला, आणि चूक ध्यानात येताच "अरे रे रे, किती वाळला तू," अशी दुरुस्ती करून परत गेला. डोमाला त्या साऱ्यांची कीव येई. आपल्या दुःखापासून ज्यांनी आपल्याला वाचवायचं, त्यांनाच आपण वाचवत बसायचं, असा तो उद्योग होता.

त्याच दिवसांत आणखीही एक बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही. गावाचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. पण ती पळसटोल्यातही कोणाला कळली नव्हती, म्हणून ती लपवायला फारसे कष्ट पडले नाहीत.

मोठ्या येनाच्या बुंध्याशी रानमायेचा दगड होता. रोज सकाळी आंघोळ करून डोमा तिच्यासमोर हात जोडत असे. लटारू पहिल्यांदा आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तो तिच्यासमोर बसून राहिला आणि म्हणाला, "मी का चुकलो ते सांग. तिनं कांदा बी खाल्ला नाई." माय काही बोलली नाही. ती पूर्वीही बोलत नसे, पण पूर्वी ते खटकत नसे.

चौथ्या दिवशी सकाळी अळ्यांनी एक झाड साफ केलेलं दिसलं. त्यांना हलवायला हवं होतं. हे काम आंघोळ न करता, हात न जोडता करायचं नाही. डोमा उभा राहिला. रागावलेल्या माणसानं हात कसे जोडावेत याचा काही शिरस्ता त्याला माहीत नव्हता, म्हणून त्यानं नेहमीसारखेच जोडले. मागायला काही उरलं नव्हतं. त्यामुळं पूजा लवकर आटोपली. मग त्यानं कोयता घेतला आणि फांद्या उतरवायला झाडावर चढला. श्रद्धा म्हणतात ती हीच की नुसती सवय, हे त्याला सांगता आलं नसतं. अळ्यांना दोन्ही सारखंच चाललं.

संध्याकाळी पाखरं परतली, की तो नाल्याशी येऊन पलीकडच्या मोहाकडं तोंड करून म्हणायचा, "जेवली." एवढंच. मग परत जायचा.

अळ्या आता पुरत्या वाढल्या होत्या. हाताच्या बोटाएवढ्या, हिरव्यागार, अंगावर चांदीचे ठिपके. एकदोन दिवसांत त्या खाणं सोडणार होत्या, आणि मग कोसा विणून आत जाणार होत्या. एका सकाळी लटारू येऊन गेल्यावर डोमानं एक पालेदार डहाळी कापली. तिच्यावर एक अळी होती. ती डहाळी घेऊन तो नाला ओलांडून दगडापाशी आला. अळी दगडाशी नेऊ नये असा काही नियम नव्हता. असं कोणी करील हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं.

मोहाखाली कोणी नव्हतं. तिथं गवत दबून दोन पावलांएवढी जागा पांढरी पडली होती.

डोमानं डहाळी उंच धरली. अळीनं मान वर केली, जराशी डुलली आणि पुन्हा पानाला लागली.

"हे पाह्य," तो म्हणाला. "डोकं इकडं हाय. हे पाय. अन् ठिपके पाह्यले का? हे मी तुले सांगाचं विसरलो होतो."

अळी खात राहिली. अळीला सुतक नसतं. पान संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, हात भरून येईपर्यंत, आणि मग तिला तिच्या झाडावर नेऊन ठेवलं.

पीक उतरलं. फार मोठं नाही. चमत्कार म्हणावा असं तर मुळीच नाही. पण मुंगळे चढले नाहीत, रोग आला नाही, वानरं दुसरीकडं जेवली. झाडाझाडाला कोसे लटकले, आणि डोमानं ते तोडून टोपल्यांत भरले. गेल्या दहा-अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

शेवटचं टोपलं भरलं त्या सकाळी दगडापाशी निम्मं गाव जमलं. थंडी मरणाची होती. पुढं गुणवंतराव होते. हे गावचे मालगुजार; गाव त्यांना मालक म्हणे. मालगुजारी सरकारनं घेऊन पाचेक वर्षं झाली होती, पण आवाज घेतला नव्हता. मागं लटारू, त्याची बायको मैना, म्हातारा लच्छू, आणि बाया मोहाखाली.

डोमा टोपलं घेऊन नाला उतरला. दगडापाशी टोपलं ठेवून सरळ उभा राहिला.

"डोमा," गुणवंतरावांनी सुरुवात केली, "मन घट्ट कर. मानूस येते अन् मानूस जाते. राजा असो की रंक असो, हा वैनगंगेचा ओघ कोनाले थांबवता आला नाई..."

बोलणं चांगलं तयार केलेलं होतं. त्यात वैनगंगा दोनदा आली, शरीर भाड्याचं घर असल्याचं आलं, आणि गुणाबाईचं नाव सगळ्यात शेवटी आलं. डोमानं ते अथपासून इतिपर्यंत ऐकलं. एवढ्या माणसांनी एवढे दिवस हे ओझं सांभाळलं होतं. त्यांना ते नीट खाली ठेवू द्यावं, असं त्याला वाटलं. आता त्यानं ऐकलं होतं. आता सुतक लागलं.

सारे तो रडण्याची वाट पाहू लागले. रडणं येईना. मोहाखालून मनकर्णा पुढं आली. तिनं टोपल्यात डोकावून पाहिलं, एक कोसा उचलून कानाशी हलवला आणि परत ठेवला.

"यंदा घर लय चोख ठेवलं होतं वो बाईनं," ती म्हणाली.

ज्यासाठी हे सारं केलं ते एवढंच होतं. एक वाक्य, आणि तेही जेवढ्या सहज निंदा केली तेवढ्याच सहज उच्चारलेलं. डोमानं मनकर्णेच्या तोंडाकडं पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं; थंडीनं फुटलेलं एक म्हातारं तोंड होतं. तेही पाहायला गुणाबाई नव्हती.

"लटारू," तो म्हणाला, "मले सांगू नका, हे कोनी ठरवलं? मालकानं?"

"नाई, भाऊ. वयनीनंच. ताप डोक्यात गेला होता, पन हे तिनं नीट सांगतलं. कोसा उतरेपर्यंत सांगू नका म्हने."

"अन् मायकडं गेली म्हनून सांग, हे तुह्या डोक्यात कुठून आलं?"

लटारू ओशाळला. "ते बी तिचंच. भाऊनं इचारलं त मायकडं गेली म्हन, असंच सांगजो म्हने, दुसरं काई सांगू नको. मले वाटलं बरळून राह्यली. पन मरत्या मानसाचा शब्द कसा मोडाचा? मले त तुह्यापुढं उभं राह्यल्यावर आठवलं का माय त कवाचीच मेली."

गुणाबाई बरळत नव्हती. नवऱ्याला कळावं, पण त्याच्या कानावर पडू नये, असं एकच वाक्य साऱ्या जगात होतं, आणि ते तिनं तापात पडल्यापडल्या शोधून लटारूच्या तोंडात ठेवलं होतं. तिच्याशी इतके दिवस एकट्यानं बोलतोय असं डोमाला वाटत होतं. पहिलं तीच बोलली होती.

मग तो दगडाशी खाली बसला आणि रडला. गाव समाधानानं आणि दुःखानं त्याच्याभोवती उभं राहिलं. मैना रडली, लटारू मोकळेपणानं मोठ्यानं रडला, मनकर्णाही पदर तोंडाला लावून रडली. गुणवंतरावांनी वैनगंगा तिसऱ्यांदा काढली, पण ती कोणी ऐकली नाही.

रडणं ओसरल्यावर सुकलू न्हावी वाटी आणि वस्तरा घेऊन पुढं आला. सुतकाचं डोकं करायचं होतं. डोमानं नाक पुसलं, मांडी घालून बसला आणि मान खाली केली. सुकलूनं नाल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या माथ्यावर थापलं.

डोमा शहारला.

"सुकलूभाऊ," तो म्हणाला, "थोडं कोमट करून आन न."